हाल्डेनबाखची पन्नासावी शर्यत

१

योहाना क्राफ्टच्या डोक्यावर तीन घाव होते. पहिला मागून, कानाच्या वर. उरलेले दोन ती खाली कोसळल्यावर घातलेले. हे कळायला प्रभाबाईंना डॉक्टर लागत नव्हता. एकेचाळीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला पडून फुटलेलं डोकं आणि कुणीतरी फोडलेलं डोकं यांतला फरक लांबूनही दिसतो.

जून महिना, रविवारची सकाळ, नऊला दहा कमी. पावसाची भुरभुर चालू होती. वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा अग्निशामक दलाचा स्वयंसेवक धावत गावातल्या शाळेच्या जिमखान्यात आला होता आणि अँब्युलन्सला अजून वीस मिनिटं आहेत, म्हणून पंच्याहत्तर वर्षांच्या प्रभाबाईंनाच गाडीत घालून वर घेऊन आला होता.

"ओमा प्रभा, काही करता येईल का?" तो म्हणाला. गावातले सगळे त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणत.

"झाकता येईल," प्रभाबाई म्हणाल्या.

गुडघे दुखत असताना त्या दरडीवरून बसत बसत खाली उतरल्या. पोरगी ओल्या गवतात डाव्या कुशीवर पडली होती. मानेला हात लावला, तर मान गार. कमरेवर टाचलेला कागदी नंबर आभाळाकडे तोंड करून होता. एक. गेल्या वर्षी जिंकलेलीला तो मिळतो. वर रस्त्याच्या कडेला तिची सायकल कठड्याला टेकलेली होती आणि हेल्मेट हँडलला व्यवस्थित अडकवलेलं होतं. म्हणजे ती थांबली होती. कुणाशी तरी बोलायला हेल्मेट काढून, निवांत उभी राहिली होती. अनोळखी माणसाकडे पाठ करून कुणी असं उभं राहत नाही.

प्रभाबाईंनी अंगावरचा रेनकोट काढून तिच्यावर घातला.

त्या वळणाला गावात सैतानाचा गुडघा म्हणतात. एकावन्न वर्षांपूर्वी, याच शर्यतीत, याच वळणावर आणखी एक पोरगी मेली होती. तिला शेवटची आंघोळ घालणारे हातही प्रभाबाईंचेच होते.

२

प्रभा सोनवणे मिरजेहून नर्सिंग शिकून जर्मनीत, हाल्डेनबाखला आल्या, तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. स्टुटगार्टहून लोकल गाडीनं पाऊण तास, पुढे बस. गावात तेव्हा एक इस्पितळ, दोन चर्चेस आणि तीन बिअरची दुकानं होती. दोन वर्षांनी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, गावातल्या पोरींनी हट्टानं बायकांची सायकल शर्यत काढली. पुरुषांच्या क्लबला ते रुचलं नाही. चढावर उभं राहून ते ओली पोती फेकत, कुणी बाटल्या फेकत. वाल्ट्राउट नावाच्या तेवीस वर्षांच्या पोरीच्या तोंडावर अशी एक बाटली बसली. दोन दात गेले, ओठ फाटला. ती रक्त थुंकत चालवत राहिली आणि पहिली आली. तिच्या ओठाला टाके घालताना डॉक्टरांच्या हातात सुई देणारी नर्स प्रभा होती. तिथून जी मैत्री जमली, ती आजवर. प्रभाबाईंचे यजमान विलासराव गेले तेव्हा तीन आठवडे वाल्ट्राउटच त्यांच्याकडे राहायला आली होती.

पुढे वाल्ट्राउट क्लबची अध्यक्ष झाली आणि प्रभाबाई नंबर टाचणाऱ्या झाल्या. कोरोनाची दोन वर्षं सोडली, तर शर्यत एकदाही चुकली नाही. पूर्वी नंबर कापडाचे असत. हल्ली ते कडक कागदाचे येतात. वाऱ्यात फडफडू नयेत म्हणून आधी मुठीत चुरगळून मऊ करायचे, मग चार कोपऱ्यांत चार आणि मधे दोन सेफ्टी पिना. ही रीत वाल्ट्राउटचीच, तिनंच प्रभाबाईंना शिकवली होती. आताच्या पोरी हसत. आजीबाईंचं भरतकाम, म्हणत.

त्या रविवारीही सारं नेहमीसारखंच झालं होतं. सव्वासातला प्रभाबाई जिमखान्यात पोचल्या, तेव्हा वाल्ट्राउट ओल्या बुटांनी आधीच हजर होती. पहाटे साडेपाचलाच वर जाऊन तिनं वळणांवर खांब ठोकून दोऱ्या बांधल्या होत्या. सात वीसला स्टुटगार्टहून शर्यतीचे पंच आले, कॉफी मागितली, आणि बाजारचौकाची उजवी बाजू पाइपांसाठी खणून ठेवलेली पाहून कुरकुरले. शेवटच्या रेषेवर नंबर टिपणारी त्यांची कॅमेऱ्याची गाडी यंदा डावीकडे, बेकरीपुढे उभी राहणार. म्हणजे नंबरही सगळ्यांनी डाव्या कुशीवर लावायचे. ऐन वेळी असा बदल सांगणाऱ्याला वाल्ट्राउट एरवी दोन खमंग शब्द ऐकवते. त्या दिवशी तिनं कॉफीचा कप तेवढा खाली ठेवला आणि काही न बोलता माइकवरून बदल सांगितला. मग साडेसातला कपाटाचं कुलूप काढलं, नंबरांचे गठ्ठे टेबलावर आणले आणि पोरींची झुंबड उडाली. ब्याऐंशी जणी. प्रभाबाईंच्या तोंडात पिना, मान खाली.

"योहाना येऊन गेली," पावणेआठच्या सुमारास मधेच वाल्ट्राउट म्हणाली आणि यादीवर खूण केली. "तिचा मी लावला. तू चालू ठेव."

आठ वीसला प्रभाबाईंची नात क्षमा आली. बाविशीची पोरगी, कोपर सोललेलं, चेहरा पांढरा. "ओल्या पानांवर घसरले, आजी," एवढंच बोलली. आजीनं तिचा नंबर टाचला. पोरीच्या अंगातली थरथर पिनांतून आजीच्या बोटांना लागत होती.

शर्यत सुरू झालीच नाही. साडेअकराला स्टुटगार्टहून पोलीस तपास अधिकारी, कोमिसारीन ओझदेमिर आल्या. चाळिशीची ठेंगणी बाई, आवाज कधी न चढवणारी. ज्यानं खांब ठोकले तो लाकडी घण ओढ्यात सापडला. क्लबमधल्या प्रत्येकाचा हात त्याला लागलेला, त्यात पाण्यानं धुतलेला.

"डॉक्टर म्हणतात, मृत्यू सहा ते साडेआठच्या दरम्यान," त्या म्हणाल्या. "पण तिच्या अंगावर नंबर आहे, आणि नंबर साडेसातच्या आधी कुणालाच मिळालेला नाही. म्हणजे ती साडेसातनंतर मेली. फ्राउ क्युब्लर या वेळात टेबल सोडून कुठे गेल्या होत्या?"

"वाल्ट्राउट ना? कुठेच नाही," प्रभाबाई म्हणाल्या. "माझ्या शेजारीच होती. संडासलासुद्धा उठली नाही."

"मग दोन नावं राहतात. एक येन्स. तिचा ट्रेनर आणि आधीचा जोडीदार. गेल्या वर्षी त्यानं तिच्यावर हात उचलला होता, आमच्याकडे नोंद आहे." कोमिसारीननी पारदर्शक पिशवी टेबलावर ठेवली. आत सायकलचे पांढरे हातमोजे होते. तळव्यांवर रक्त वाळून तपकिरी झालं होतं. "आणि दुसरं, ज्या मुलीचे हे हातमोजे आहेत."

हातमोज्यांच्या मनगटावर 'क्ष' असं भरतकाम होतं. ते गेल्या वाढदिवसाला प्रभाबाईंनीच केलं होतं.

३

दहा दिवसांपूर्वी सरावाच्या वेळी योहानानं उतारावर क्षमाला कोपरानं ढकललं होतं. खाली पोचल्यावर क्षमानं सायकल टाकली आणि सगळ्यांसमोर एक ठोसा असा लगावला, की योहानाचं नाक मोडलं. त्यानंतर ती जे ओरडली ते वीस जणींनी ऐकलं होतं. पुढच्या वेळी नाक नाही, डोकं फोडीन.

जिमखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत क्षमा बाकावर बसली होती. दाराशी एक पोलीस.

"तिच्या कोपराला पट्टी बांधू दे," प्रभाबाई म्हणाल्या. "मी नर्स आहे."

कोमिसारीननी मान हलवली आणि स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या. आजी-नात आपल्या भाषेत बोलणार हे त्यांना कळत होतं. "माझी आजीही माझ्याशी अशीच बोलायची, कुणाला न कळणारं," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं."

प्रभाबाईंनी जखमेतले खडे चिमट्यानं काढायला घेतले. "कोपर वर कर. हं. आता खरं बोल. खोटं बोललीस तर इथेच कानफटात देईन."

"मी तिला बघितलं," क्षमा म्हणाली. घरात ती बहुधा जर्मनमध्येच उत्तर द्यायची. आज मराठी शब्द एकेक शोधून काढत होती. "वॉर्म-अप करत वर गेली. तिची सायकल होती. मग खाली ती. मला वाटलं, पडली. मी उतरली, तेव्हा हे कोपर लागलं. मी तिला उलटी केली. डोकं... आजी, डोकं मऊ होतं."

"किती वाजता?"

"आठ. आठ दहा. मला श्वास द्यायचा होता, तोंडातून. कोर्समध्ये शिकवतात तसं. पण तिचं तोंड उघडतच नव्हतं. असं घट्ट. मी दोन हातांनी ओढलं. मग मी तिला परत तशीच ठेवली आणि पळाली."

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सगळे काय म्हणाले असते? तू काय म्हणाली असतीस?"

प्रभाबाईंचा चिमटा हवेतच थांबला. मेलेल्या माणसाचा जबडा पटकन आवळत नाही. त्याला दीड-दोन तास लागतात. मिरजेच्या पहिल्या वर्षात सिस्टर त्यांना सांगायच्या, आधी जबडा बांधून घ्या, मग रडा, नंतर तोंड मिटत नाही. योहानाला पावणेआठला नंबर मिळाला असेल, तर आठ दहाला तिचा जबडा मऊच असायला हवा.

"जबडा आवळला होता, नक्की?"

"हो, आजी. गेनाऊ. अगदी नक्की."

हे प्रभाबाईंनी कोमिसारीनना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फ्राउ सोनवणे, हे सांगणारी एकटी तुमची नातच आहे. आणि नंबर तर माझ्या डोळ्यांसमोर आहे. उद्या संध्याकाळी पाच वाजता मला तिला न्यायाधीशांपुढे उभं करावं लागेल. हातमोजे, भांडण आणि लपवाछपवी. ते तिला आत ठेवतील."

क्षमाला बेड्या घातल्या नाहीत. पण गाडीत बसवताना पोलिसानं तिचं डोकं हातानं खाली दाबलं, आणि जमलेल्या गावकऱ्यांपैकी कुणीतरी गाडीच्या काचेवर थुंकलं. त्या माणसाला प्रभाबाईंनी जन्मल्यावर पहिल्यांदा पाय धरून उलटा धरला होता.

४

रात्र घरच्यांनी बसून काढली. मुलगा हृषिकेश झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातला मोठा इंजिनिअर, पण त्या दिवशी त्याला वकिलाचा नंबर फोनवर नीट दाबता येईना. सून स्वरूपा सकाळपर्यंत एकच धोशा लावून होती. "अहो आई, तुम्ही तिथेच होतात. तुम्ही काहीच कसं पाहिलं नाहीत?"

"पाहिलं असणार," प्रभाबाई म्हणाल्या. "कळलं नसणार. डबा भर थोडा, मी बाहेर जाऊन येते."

येन्सचं सायकल दुरुस्तीचं दुकान स्टेशनजवळ होतं. आतून धातू आपटल्याचे आवाज येत होते. सायकल टांगायचा लोखंडी स्टँड उचलून तो भिंतीवर हाणत होता. प्लास्टर उडालं होतं, एक काच फुटली होती आणि त्याच्या मनगटावरून रक्त निथळत होतं.

"बस झालं. हात इकडे," प्रभाबाई म्हणाल्या.

"बाहेर व्हा. तुमच्या नातीनं मारलं तिला."

"तू मारलंस असंही म्हणतात. तू तिला मारलं होतंस ना, गेल्या वर्षी?"

तो स्टँड घेऊन दोन पावलं पुढे आला. सहा फुटांचा गडी. प्रभाबाई हलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पट्टी काढली, डबा टेबलावर ठेवला आणि तिथल्या काचा हातानं बाजूला केल्या.

"एकदा मारलं," तो शेवटी खाली बसला. "एकदाच. त्याच दिवशी ती सोडून गेली. पण शर्यतीच्या दिवशी मीच लागायचो तिला. सकाळी सहाला ती एकटी वर वळणावरचे खडे झाडायला जायची, खाली आली की चाकांत हवा मीच भरणार, नंबर मीच चिकटवणार."

"चिकटवणार?"

"ती पिना लावू द्यायची नाही. नवी जर्सी, भोकं पडतात, वारा शिरतो. चिकटवायचा फवारा असतो, त्यानं लावायची. मी तो डबा घेऊन साडेसातपासून चौकात उभा होतो, ओमा प्रभा. नऊ वाजेपर्यंत. ती आलीच नाही."

प्रभाबाई पट्टी बांधता बांधता थांबल्या. गवतात पडलेल्या पोरीच्या कमरेवरचा नंबर त्यांना आठवला. चुरगळून मऊ केलेला कागद. चार कोपऱ्यांत चार पिना. मधे दोन.

"डबा खा," त्या म्हणाल्या. "पोळीभाजी आहे. तिखट कमी घातलंय."

५

दोन आठवड्यांपूर्वी योहाना त्यांच्याकडे आली होती, मोडायच्या आधीचं सरळ नाक घेऊन. पन्नासाव्या शर्यतीच्या पुस्तिकेचं काम तिच्याकडे होतं, त्यासाठी तिला जुन्या गोष्टी हव्या होत्या. पहिल्या शर्यतीत मेलेली गेर्लिंडे ही तिच्या आजीची धाकटी बहीण.

"लोरे-ओमा म्हणते, गेर्लिंडेला त्या उताराचा दगडन् दगड पाठ होता. ती पडणार नाही. ओमा प्रभा, तुम्हीच तिला धुतलंत ना?"

एकावन्न वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. प्रभाबाईंनी सांगून टाकलं. गेर्लिंडेच्या पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, एक सरळ निळा वळ होता. वीतभर लांब, बोटभर रुंद. दगडाचा वळ असा सरळ उठत नाही. तेव्हाच्या सायकलींच्या दांड्यावर हवा भरायचा लोखंडी पंप लावलेला असे, त्याच मापाचा तो वळ होता. डॉक्टर हालर म्हणाले, पडल्यामुळे. नर्स परदेशी, कामाचा परवाना वर्षा-वर्षाचा. नर्स गप्प बसली.

त्या उतारावर गेर्लिंडेच्या मागे त्या वेळी एकच पोरगी होती, हेही सगळ्या गावाला माहीत होतं. ओठ फाटलेली, रक्त थुंकणारी, पहिली आलेली. पण ही दोन टोकं प्रभाबाईंनी कधी एकत्र बांधली नाहीत. पुढे मैत्री झाल्यावर तर त्या बाजूला त्यांनी पाहिलंच नाही.

योहानानं मात्र बांधली असणार. आणि तिचा स्वभाव काही मागून बोलायचा नव्हता. ती सरळ वाल्ट्राउटकडे गेली असणार.

येन्सच्या दुकानातून निघून प्रभाबाई बाजारचौकाच्या बसथांब्यावर उभ्या राहिल्या. रद्द झालेल्या शर्यतीचा पसारा आवरणं चालू होतं. पंचांची कॅमेऱ्याची गाडी दोन माणसं ओढत बेकरीपुढून काढत होती. समोर उजव्या बाजूला रस्ता खणलेला. इतक्या वर्षांत ती गाडी बेकरीपुढे कधी उभी राहिली नव्हती. नेहमी उजवीकडे. नंबरही म्हणून नेहमी उजवीकडे.

बस आली आणि गेली. प्रभाबाई चढल्या नाहीत.

योहाना डाव्या कुशीवर पडली होती. डावी कूस गवतात दबलेली. आणि नंबर वर होता. आभाळाकडे.

त्यांनी फोन काढला आणि कोमिसारीनचा नंबर लावला.

६

सोमवारी दुपारी तीनला वाल्ट्राउट जिमखान्यात एकटीच लाकडी खुर्च्या एकावर एक रचत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, पण दंड अजून दोरीसारखे पिळदार. प्रभाबाई आत आल्या, मागून कोमिसारीन.

"ये," वाल्ट्राउट म्हणाली. "क्षमाचं कळलं काही?"

"तेच विचारायला आले. योहानाला नंबर तूच दिलास ना?"

"सांगितलं की. पावणेआठला."

"आणि टाचलासही तूच."

"हो. आणखी कोण टाचणार?"

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या." वाल्ट्राउट हसली. "आता म्हातारी झालीस हं तू. माइकवरून मीच ओरडले होते ना, यंदा सगळ्यांनी डाव्या बाजूला म्हणून?"

कोमिसारीननी फोटो टेबलावर ठेवला. ओलं गवत, प्रभाबाईंचा रेनकोट बाजूला केलेला, उजव्या कमरेवर पांढरा कागद.

वाल्ट्राउट खुर्ची हातात घेऊनच फोटोवर वाकली.

"ब्याऐंशी जणींचे नंबर डाव्या बाजूला आहेत," प्रभाबाई म्हणाल्या. "एकीचाच उजव्या. कारण तो टाचला तेव्हा बाजू बदलल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे सात वीसच्या आधी. तेव्हा नंबर तुझ्या कपाटात होते आणि किल्ली तुझ्या गळ्यात. तू खांब ठोकायला गेलीस तेव्हा एक नंबर सोबत नेलास. योहाना शर्यतीच्या सकाळी सहाला त्या वळणावरचे खडे झाडायला जाते, हे तुला ठाऊक होतं. तुझ्याकडे पाठ करून ती उभी राहिली, कारण लहानपणापासून ती तुला ओळखत होती. मारल्यावर तू तिला नंबर लावलास, म्हणजे ती साडेसातनंतर मेली असं सगळे धरतील, आणि साडेसातनंतर तू माझ्या शेजारी बसलेली असशील. साक्षीदार म्हणून मी होतेच. पंचांनी बाजू बदलली तेव्हा परत वर जायला तुला वेळ उरला नाही. म्हणून तू त्यांना एक शब्दही बोलली नाहीस." त्यांनी श्वास घेतला. "शिवाय ती पिना लावतच नव्हती, वाल्ट्राउट. चुरगळून, सहा पिना लावणाऱ्या या गावात आता दोघीच उरल्यात. मी तर लावला नाही."

वाल्ट्राउटनं हातातली खुर्ची खाली ठेवली नाही. तिनं ती फिरवली. पाय प्रभाबाईंच्या तोंडावर बसला. ओठ दातांवर फुटला, त्या मागे टेबलावर आदळल्या आणि तोंडात रक्त भरलं. दुसरा वार वर उचललेला होता. कोमिसारीननी तिला बाजूनं धडक दिली, दोघी फरशीवर पडल्या, खुर्च्यांची रास कोसळली. ठेंगण्या बाईनं गुडघा तिच्या पाठीवर रोवला आणि हात मागे पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज आला. वाल्ट्राउट ओरडली नाही.

"योहाना मला म्हणाली, शर्यतीच्या दिवशी स्टेजवरून तू सांग, नाहीतर मी सांगते," गाल फरशीला दाबलेला असतानाच ती बोलू लागली. "पन्नास वर्षं. पन्नास वर्षं मी ही शर्यत उभी केली. पोती खाल्ली, बाटल्या खाल्ल्या. आमचे दात पाडणाऱ्यांची चौकशी करायला कोण आलं होतं? गेर्लिंडे पुढे होती. मला तेवढंच पुढे जायचं होतं. मी पंप काढला आणि एकदा हाणला. एकदाच. तिनं ब्रेक धरायला हवा होता."

"आणि योहानाला तीनदा," प्रभाबाई रक्त थुंकत म्हणाल्या.

"ती पडल्यावर माझ्याकडे बघत होती." वाल्ट्राउटनं मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "तू गेर्लिंडेची पाठ पाहिली होतीस. सगळं तुला दिसलं होतं. तेव्हा बोलली असतीस तर आज ही जिवंत असती. मी दोघी मारल्या, प्रभा, खरं आहे. पण दुसरीच्या वेळी तू माझ्यासोबत होतीस."

कोमिसारीननी बेडी लावली. प्रभाबाईंनी पर्समधली पट्टी काढून फुटलेल्या ओठावर दाबली.

७

पाच वाजायच्या आधीच क्षमाला सोडलं. हृषिकेश आणि स्वरूपा तिला मिठी मारून रडत होते. आजीच्या ओठाला पाच टाके पडले होते. सुजलेल्या तोंडानं, गाडीतच, प्रभाबाईंनी तिला सगळं सांगितलं. निळा वळ, डॉक्टर, परवाना, आणि नंतरची एकावन्न वर्षं.

क्षमानं खिडकीकडे तोंड वळवलं.

"आल्झो, म्हणजे मी एक दिवस गप्प बसली," ती म्हणाली. "तू म्हणालीस कानफटात देईन. तुला कोण देणार?"

"क्षमा," हृषिकेश पुढून म्हणाला, "आजीशी असं बोलतात?"

"बोलू दे तिला," प्रभाबाई म्हणाल्या.

"कोमिसारीनला सांगितलंस?"

"लिहून दिलं. सही केली."

"ते कागदावर झालं." क्षमानं मान वळवली. "लोरे-ओमा अजून आहे. तिला कोण सांगणार?"

मंगळवारी सकाळी दोघी चर्चच्या मागच्या गल्लीत गेल्या. चढ होता. प्रभाबाईंना दोनदा थांबावं लागलं. क्षमा हात द्यायला पुढे आली नाही, पण आजी थांबली की सोबत थांबायची.

लोरे क्राफ्ट एक्याऐंशी वर्षांची होती. तिनं दार उघडलं. अंगात काळा झगा, केस न विंचरलेले. आधी तिनं क्षमाकडे पाहिलं, मग प्रभाबाईंच्या ओठाकडे. पोलिसांनी तिला खुन्याचं नाव सांगितलं होतं. बाकीचं अजून नव्हतं.

"तुझी नात सुटली," ती म्हणाली. "बरं झालं. आत ये, बस."

"बसत नाही," प्रभाबाई म्हणाल्या. टाके ताणले जात होते, शब्द जड येत होते. "आधी ऐक, लोरे. तुझ्या बहिणीला आणलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. मी तिची पाठ पाहिली होती."

लोरेचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. तिनं दार लावलं नाही, आणि आत या असंही पुन्हा म्हणाली नाही.

"कशी होती?" तिनं विचारलं.

आणि प्रभाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, पहिल्यापासून, काहीही न गाळता सांगू लागल्या.